काझूचं शेवटचं वाक्य

“परत,” चारूने बोटाने खूण केली.

लेडीज टॉयलेटच्या दाराला कडी लागलीय ना, ते मी पुन्हा एकदा पाहिलं आणि काझूच्या आवाजात म्हटलं, “काय रे पोरांनो, ओळखलंत का मला?”

आरशासमोर उभ्या असलेल्या चारूने माझ्याबरोबर ओठ हलवले. तिच्या नाकापर्यंत लाल मफलर होता. ओठ कुणाला दिसणारच नव्हते, तरी आतल्या आत ती इमानेइतबारे हलवत होती.

“अगं बाई, दिसत नाहीयेत ओठ. कशाला दमतेस?”

तिने मफलर खाली ओढला. “ओठ हलले नाहीत की गळा हलत नाही,” ती म्हणाली. “बघणाऱ्याला कळतं.”

म्हणाली म्हणजे काय, पुटपुटली. त्या दिवसाच्या चार वर्षं आधी तिच्या थायरॉइडची गाठ काढली, त्यात आवाजाची नस गेली. असं होऊ शकतं हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे भांडायलाही कुणी नव्हतं. उरला होता तो आवाज म्हणजे चाळणीतून पीठ पडावं तसा. कान तोंडाजवळ नेला तर ऐकू येणार. आणि बाई आल्या होत्या कशाला, तर सहा-सातशे पोरांसमोर दहा वर्षांच्या मुलाच्या खणखणीत आवाजात बोलायला.

दारावर थाप पडली. “आत कोणी आहे का? मला पंख लावायचेत.”

“लाव गं बाहेरच,” मी ओरडले. “इथे आमचंच काही लागत नाहीये.”

चारू हसली. हसतानाही आवाज नव्हता, खांदे तेवढे हलले. आता तिला जाऊन पाच वर्षं झाली, पण चारू म्हटलं की मला ती तिथेच दिसते. वाशीच्या त्या भल्यामोठ्या हॉलच्या टॉयलेटमध्ये, पोरींच्या टोपांतून गळालेले निळ्या-हिरव्या केसांचे झुपके पायाशी, अंगावर चांगली नारायणपेठी आणि गळ्यात लाल लोकरी मफलर.

नीट सांगते. दोन हजार सालच्या आसपास एका मराठी वाहिनीवर संध्याकाळी साडेपाचला एक जपानी कार्टून लागायचं, मराठीत डब केलेलं. कार्टून म्हटलं की आताची पोरं अंगावर येतात. अ‍ॅनिमे म्हणायचं त्याला. ‘काझू आणि सात समुद्र’ असं नाव. काझू नावाचा पोरगा हरवलेल्या आईला शोधत, एका म्हाताऱ्या कासवाच्या पाठीवर बसून समुद्र पालथे घालतो, एवढीच गोष्ट. काझूचा आवाज चारूचा, म्हणजे चारुशीला गुप्तेचा. कासवाचा आवाज माझा, मंगल तोरस्करचा. काझू एका भागात दोनशे वाक्यं बोलायचा. कासव बोलायचं तीन. “हं.” “चल.” “झोप आता.” बेचाळिसाव्या भागात कासव मेलं आणि माझं काम संपलं.

लोकांना वाटतं, डबिंगमध्ये सगळे एकत्र बसून बोलतात. तसं नसतं हो. काचेच्या खोलीत एकटीने उभं राहायचं, कानाला हेडफोन, समोर पडद्यावर चित्र. आपापली वाक्यं त्या चित्रातल्या ओठांवर बसवायची आणि घरी जायचं. दुसऱ्याने काय म्हटलं ते टीव्हीवर लागेल तेव्हा कळणार. काझूचे बावन्न भाग डब झाले, अठ्ठेचाळीस लागले आणि वाहिनीच बंद पडली. शेवटचे चार भाग मराठीत कुणी पाहिलेच नाहीत. टेपा कुठे गेल्या, देव जाणे.

त्यानंतर अठरा वर्षांनी चारूच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एका सौमित्र नावाच्या मुलाचा मेसेज आला. “मॅम, काझू तुम्हीच ना? तुम्हाला शोधायला आम्हाला दोन वर्षं लागली. अ‍ॅनिमेवाल्यांचं संमेलन भरवतोय. पहिल्या दिवशी उद्घाटनाला याल का? फक्त काझूच्या आवाजात दोन शब्द बोला.”

तिने फोन माझ्यापुढे धरला. मी म्हटलं, “कळव त्याला खरं काय ते. आवाज गेला म्हणावं, नुसती येऊन बसते.”

“आवाज गेलेल्या आवाजवालीला कोण बोलावतं?” ती म्हणाली. “आणि बोलावलं तर कीव करतील. हार घालतील आणि चुकचुकतील.”

तिने उत्तर पाठवलं. येते.

मला तिचा राग आला आणि वाईटही वाटलं. या बाईला उभ्या जन्मात रस्त्यात कुणी ओळखलं नव्हतं. कार्टूनच्या शेवटी जपानी अक्षरं भराभर वर जायची, त्यात मराठी माणसाचं नाव औषधालाही नसायचं. तिच्या घरात तर ‘आई स्टुडिओत जाते’ म्हणजे कुठेतरी चकाट्या पिटायला जाते असंच होतं. एकदा, फक्त एकदा कुणीतरी ‘हा आमचा काझू’ म्हणून तिच्याकडे बघावं एवढीच तिची हौस होती, आणि ती वेळ आली तेव्हा गळ्यात काही शिल्लक नव्हतं.

तोडगाही तिनेच काढला. “जन्मभर आपण दुसऱ्यांच्या ओठांवर आवाज बसवला. आता माझ्या ओठांवर तुझा बसव.”

मला काझू जमतो, हे तिला माहीत होतं. तिच्या सासूबाई गेल्या तेव्हा तेरा दिवस ती आली नव्हती आणि दोन भाग मी तिच्या आवाजात उरकले होते. कुणाला पत्तासुद्धा लागला नाही. त्याच्याही आधी, काझूसाठी पहिली चाचणी माझी झाली होती, तेव्हा दिग्दर्शक म्हणाला होता, “मंगलताई, झकास.” मग काम चारूला मिळालं आणि मला कासव. मी कधी बोलून दाखवलं नाही. पण विसरले होते असंही नाही.

तर बेत असा होता. काझूच्या तोंडावर कायम लाल मफलर असायचा, म्हणून चारू मफलर बांधून स्टेजवर जाणार. मी तिच्या मागच्या काळ्या पडद्याआड माइक घेऊन बसणार. सौमित्रला आम्ही सांगितलं होतं की शेवटी कासवाचा आवाज अचानक ऐकवून मजा करायची आहे. तो बिचारा आनंदाने उडाला. चारूच्या हातात माइक असणार, पण तो बंद. ऐन वेळी खोकला आला किंवा बटण दाबलं गेलं तर सगळं बिंग फुटेल, म्हणून मी त्यातले सेलच काढून घेतले आणि पर्समध्ये टाकले. चारूला ते सांगायचं राहूनच गेलं. तीन वाक्यं ठरली होती. तीन वाक्यं, नमस्कार आणि खाली. एकही शब्द जास्त नाही, असं चारूने मला दहादा बजावलं होतं.

सकाळी टॅक्सीत मी तिला म्हटलं होतं, “ते शेवटचं वाक्यही सांगून ठेव ना. म्हणते मी ते. पोरं वेडी होतील.”

“ते नाही,” ती म्हणाली.

त्या वाक्याची गोष्ट मला अर्धीच माहीत होती. शेवटच्या भागात काझूला आई भेटते. तिथे लेखकाने लिहिलेलं वाक्य तोकडं पडलं. शब्द संपले तरी चित्रातल्या पोराचं तोंड चाललेलंच. रेकॉर्डिस्ट म्हणाला, बाई, काहीतरी बोला आणि भरून काढा. तेव्हा चारूने उभ्या उभ्या, मनाने एक वाक्य रचलं आणि एका दमात म्हटलं. रेकॉर्डिस्टने कानावरचा हेडफोन काढून ठेवला आणि नुसता बघत राहिला, असं ती सांगायची. पण काय म्हटलं ते नाही सांगायची. “लागेल तेव्हा ऐक,” म्हणायची. मग ते लागलंच नाही.

“ते माझं आहे, मंगल. ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून नको.”

दुसऱ्या कुणाच्या. मला लागलं ते. पण तिचा दिवस होता, म्हणून मी मूग गिळून बसले.

अकराला सौमित्र आम्हाला न्यायला आला. चांगला सत्तावीस वर्षांचा इंजिनिअर, पण कमरेला थर्माकोलची तलवार आणि ओठांवर कागदी मिशा. त्याने चारूला वाकून नमस्कार केला तेव्हा तलवार माझ्या गुडघ्याला लागली.

“मॅम, घसा जपताय ना? छान. आत्ता बोलूच नका, सगळं स्टेजवर,” तो म्हणाला.

चारूने मान हलवली. मी म्हटलं, “हो, सकाळपासून एक शब्द काढला नाहीये तिने.” ते तसं खरंच होतं.

हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि मी हबकले. कुणाला शेपटी, कुणाला शिंगं, एकीच्या पंखांमुळे मागच्या चौघांना काही दिसत नव्हतं आणि त्यावरून रीतसर भांडण चाललेलं. आणि त्या सगळ्या गर्दीत मधे मधे लाल मफलर. एक, दोन, पाच, मग मी मोजायचं सोडलं. पंचवीस-तीस वर्षांची घोडी, नोकऱ्या करणारी, काहींची लग्नं झालेली, आणि नाकापर्यंत लाल मफलर बांधून आलेली. चारूने माझा हात घट्ट धरला. 

मी पडद्याआड खुर्चीवर बसले, पर्स मांडीवर, माइक हातात. तिथून मला स्टेज दिसत होतं, पण चारूची पाठ आणि एक कान तेवढा. पडदा, मग पाच पावलांवर ती, आणि तिच्यापुढे सगळी माणसं.

दीपप्रज्वलन झालं. शिंगवाल्या एका मुलाने चारूला शाल आणि नारळ दिला. सौमित्रने माइकवर सांगितलं, “ज्या आवाजासाठी आपण शाळेतून पळत घरी यायचो, तो आवाज आज इथे आहे.” आणि दिवे मंद झाले.

मी पोटातून श्वास घेतला. “काय रे पोरांनो, ओळखलंत का मला?”

काय सांगू तुम्हाला. जो गलका उठला त्याने खुर्चीचे पाय थरथरले. मुलं उभी राहिली. मुली रडायला लागल्या. मी त्रेचाळीस वर्षं आवाजाचं काम केलं, पण काचेच्या खोलीत टाळ्या नसतात. त्या मी पहिल्यांदा ऐकत होते.

चारूने एक हात कमरेवर ठेवला, काझू ठेवायचा तसा. नेमका.

दुसरं वाक्य म्हटलं, तिसरं म्हटलं. “बरंय, जातो मी, समुद्र वाट बघतोय.” झालं. संपलं. चारूने नमस्काराला हात जोडले.

आणि खाली सगळे ओरडायला लागले, “नाही, नाही, काझू, थांब.”

मी माइक खाली ठेवायला हवा होता. तेवढंच करायचं होतं मला. त्याऐवजी मी म्हटलं, “अरे, अठरा वर्षांनी भेटतोय आपण. काही विचारणार आहात की नुसते ओरडणार?”

चारूची पाठ ताठ झाली. तिने उजवा हात मागे घेतला आणि मूठ आवळली. स्टुडिओत मूठ म्हणजे थांबा. ती मूठ मी पाहिली. न पाहिल्यासारखं केलं.

“काझू, तुला पोहता येत नव्हतं. आता येतं का?” कुणीतरी विचारलं.

“नाही रे. कासव गेलं, आता कोण शिकवणार?”

सगळे हळहळले. चारूने मान खाली घातली, अगदी हवी तशी. काय करते बिचारी, मी बोलेन तसं तिला हलावंच लागत होतं.

“लग्न झालं का तुझं?”

“मी दहा वर्षांचा आहे. अठरा वर्षं झाली, अजून दहाचाच आहे. म्हातारे तुम्ही झालात.”

हास्याचा लोंढाच आला. खोटं कशाला बोलू, त्या दहा मिनिटांत मला चारूचा विसर पडला. तो काझू माझा होता. ती पोरं माझी होती. पहिल्या चाचणीनंतर ज्या काझूला कुणीतरी माझ्या हातून काढून नेलं होतं, तो मला परत मिळाला होता आणि मी शेफारले होते. प्रश्न आला की माझं उत्तर तयार. चारूची मूठ पाठीमागे तशीच होती, फक्त आता ती उघडून परत आवळत होती, उघडून परत आवळत होती.

मग एक मुलगी उठली. लाल मफलर, गुडघ्याएवढी चड्डी, चष्मा. तिने मफलर खाली केला.

“मी शाल्मली. परभणीहून आलेय,” ती म्हणाली. “वाहिनी बंद पडली तेव्हा मी चौथीत होते. शेवटचे भाग मोठेपणी नेटवर पाहिले, जपानीतून, खालचं इंग्रजी वाचत. पण तो आपला काझू नव्हता. आई भेटल्यावर काझू तिला काय म्हणतो, ते मला आपल्या काझूकडून ऐकायचंय. त्यासाठीच आलेय मी. प्लीज.”

“शेवट,” कुणीतरी म्हणालं. मग सगळेच. “शेवट, शेवट.” आणि मग आपोआप सगळं चिडीचूप झालं.

आता आली पंचाईत.

मला काय माहीत काझू काय म्हणाला ते? कासव बेचाळिसाव्या भागात मेलं होतं. मी त्यानंतर काझूसाठी स्टुडिओची पायरी चढले नव्हते. ‘आई, मी आलो’ असं काहीतरी ठोकून देता आलं असतं, माझं तोंड उघडलंही होतं. पण समोर बसलेल्या निम्म्यांनी ते चित्र पाहिलेलं होतं. आणि ते माझं नव्हतं. आता आठवलं मला ते, सगळं खाऊन बसल्यावर.

आवाज माझ्याकडे होता आणि वाक्य तिच्याकडे. दोघींमध्ये पाच पावलं.

चारूने वळून माझ्याकडे पाहिलं. मफलरवर नुसते डोळे. मी मान हलवली, मला येत नाही, मला माहीत नाही. ते तिला ठाऊकच होतं. रागावली असती तरी मला बरं वाटलं असतं. पण तिच्या डोळ्यांत राग नव्हता. घरात आग लागल्यावर माणूस काय काय बाहेर काढायचं याचा विचार करतो, तशी ती दिसत होती.

मग ती लोकांकडे वळली. मफलर गळ्याखाली ओढला. माइक तोंडाशी नेला आणि बटण दाबलं.

पुन्हा दाबलं. माइक हलवून पाहिला. अंगठ्याने पुन्हा दाबलं.

सेल माझ्या पर्समध्ये होते आणि पर्स माझ्या मांडीवर होती.

मी उठून माझा माइक तिच्या हातात द्यायचा होता. दुसरं काही नाही. लोकांना कळलं असतं, दोघींची शोभा झाली असती, झाली तर झाली. नुसत्या कुजबुजीलाही माइक पुरतो. ऐकू गेलं असतं. मी हे सगळं तेव्हाच, त्याच क्षणी विचारात घेतलं, आणि माझे पाय उठले नाहीत. हातपाय गळाले होते हे खरं. पण बाहेर गेले तर काझू कोण होता ते सगळ्यांना दिसेल आणि टाळ्या वाजवणारी ही पोरं माझ्याकडे चोराकडे बघावं तसं बघतील, अशी भीती वाटली हेही तितकंच खरं. पाच पावलं होती हो. मी बसून राहिले.

चारूने माइक खाली केला. दोन्ही हात बाजूला सोडले आणि बोलायला लागली.

मला तिची पाठ दिसत होती. मानेवरच्या शिरा दोरीसारख्या वर आल्या होत्या, टाचा जमिनीवरून उचलल्या होत्या. बारा-पंधरा शब्द असतील. मधे एकदा ती थांबली, श्वास घेतला, परत बोलली. परक्या भाषेतल्या माणसाचे नुसते ओठ बघून तो कुठे थांबेल, कुठे श्वास घेईल ते सांगणारी मी, तीस वर्षं डबिंगमध्ये तेच केलेलं, आणि माझ्या मैत्रिणीचे ओठ मला दिसत नव्हते.

मागून कुणीतरी ओरडलं, “माइक, माइक बंद आहे.” साउंडवाल्या मुलाने घाईघाईने सगळे आवाज वर चढवले. तिथे चालू असलेला माइक एकच होता. माझा. आणि मी रडत होते. मला ते तोपर्यंत कळलंच नव्हतं. माइक तोंडाशी तसाच होता आणि माझा हुंदका एवढा मोठा होऊन सगळ्या हॉलभर गेला.

मी माइक बंद केला तोपर्यंत उशीर झाला होता. पोरांना वाटलं, काझू रडतोय. पहिल्या रांगेतल्या शाल्मलीने चष्मा काढला. मग एकेक करून सगळे उठले आणि टाळ्या सुरू झाल्या. थांबेचनात. सौमित्र स्टेजवर धावत आला आणि त्याने चारूला मिठीच मारली, त्याच्या कागदी मिशा तिच्या खांद्याला चिकटून राहिल्या. शेवटी कासवाचा आवाज ऐकवायचा होता हे कुणाच्या लक्षातही राहिलं नाही आणि मी देवाचे आभार मानले.

नंतर चारूला एका टेबलाशी बसवलं. सह्या घ्यायला ही रांग. ती गळ्यावर बोट ठेवून खूण करायची, आता बोलवत नाही, आणि मुलं म्हणायची, “हो मॅम, हो, आराम करा.” एकाने तिच्यासाठी गरम पाणी आणलं. एकीने आपल्या तान्ह्या मुलाला तिच्या मांडीवर ठेवलं. दीड तास ती सही करत होती. चारुशीला गुप्ते, चारुशीला गुप्ते. तिला जे हवं होतं ते सगळं तिला मिळालं होतं. मी तिच्या मागे पाण्याची बाटली घेऊन उभी होते आणि मला तिच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं.

शाल्मलीचा नंबर आला. सही घेऊन झाल्यावर तिने मला विचारलं, “काकू, तुम्ही यांच्या कोण?”

“कासव,” मी म्हटलं.

“खरं की काय.” तिने पटकन वाकून नमस्कार केला. मी तिला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, “तू पुढे बसली होतीस ना? काय म्हणाल्या गं त्या शेवटी? मला मागे ऐकू आलं नाही.”

“ऐकू कुणालाच नाही आलं, माइक गेला होता ना,” ती म्हणाली. “पण किती रडल्या त्या. आम्हाला सगळं कळलं.”

तिच्या डोळ्यांत परत पाणी आलं. तिला काय कळलं ते मी विचारलं नाही. विचारून काय करणार, तो हुंदका माझा होता.

टॅक्सीत बसलो तेव्हा तीन वाजले होते. चारू खिडकीकडे, मी इकडे. रबाळे मागे गेलं.

“चुकलं माझं,” मी म्हटलं. “तीन वाक्यांवर थांबायला हवं होतं.”

ती बाहेर बघत राहिली.

“तू मूठ केलीस ती मी पाहिली होती, चारू.”

तिने मान हलवली. तिच्या ओठांवरून मला कळलं. “माहीत आहे.”

“सेल माझ्याकडे होते. मला उठून यायला हवं होतं. पाच पावलंच तर होती.”

यावर तिने काहीच केलं नाही. मान नाही, हात नाही. माझ्याच्याने बसवेना. ऐरोलीच्या पुलावर गाडी लागली तेव्हा मी तिचा हात धरला आणि विचारलं, “काय होतं गं ते वाक्य? आता तरी सांग. मी कुणाला म्हणून दाखवणार नाही, आईशप्पथ.”

तिने माझ्याकडे पाहिलं आणि काहीतरी बोलली. टॅक्सीच्या घरघरीत मला ऐकू आलं नाही. मी सरकले, वाकले आणि कान तिच्या तोंडाशी नेला.

“सांगितलं मी,” ती म्हणाली. “होता नव्हता तेवढा जोर लावून सांगितलं गं. सगळ्यांसमोर.”

मी कान तसाच धरून बसले. पूल संपला, सिग्नल लागला, सुटला. त्या वाक्याबद्दल ती पुढे काही बोलली नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही कधी नाही.